शेवटची गोळी मोठ्याची

"ही टिकली बिघडलीय," असं म्हणून दादानं मॉनिटरच्या कानफटात एक ठेवून दिली.

मॉनिटर बिचारा निर्दोष होता. पण आमच्या घरात दादाच्या हातून काही चुकलं की आधी वस्तू मार खायची आणि नंतर मी.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडच्या स्टँडसमोर आमचं एसटीडीचं दुकान होतं. मोबाइल आले, लोक फोन करायला येईनासे झाले, तेव्हा अण्णांनी काचेच्या केबिनी काढून टाकल्या, तिथं चार कॉम्प्युटर मांडले आणि पाटीवर 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसे. अण्णा जेवून घरी आडवे होत आणि दुकान आम्हा दोघांवर पडे; माझा मोठा भाऊ रणजित आणि मी, शलाका. दादा डिप्लोमाला दोनदा आपटला होता. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. अभ्यास करायचा सोडून आम्ही दोघं एक खेळ खेळायचो. अंतराळात यानं उडताहेत आणि एकमेकांवर गोळ्या झाडताहेत, असा तो खेळ. दादाच्या मित्रानं आणलेली सीडी चोरीची होती, त्यामुळे सोबत माहितीचं पुस्तक वगैरे काही नव्हतं. पडद्यावर काय काय उमटतं त्याचा अर्थ ज्याचा त्यानं लावायचा.

शत्रूच्या यानाभोवती लाल चौकोन यायचा. चौकोन म्हणजे शत्रू, एवढं कुणालाही कळत होतं. पण त्या चौकोनापासून जरा अंतरावर एक बारीकसा हिरवा गोल भिरभिरत असायचा. त्याचं नाव दादानं टिकली ठेवलं होतं. टिकली कधी चौकोनाच्या डावीकडे, कधी उजवीकडे, कधी अगदी चिकटून, कधी गायबच. दादाचं ठाम मत होतं की चोरीच्या सीडीत असले दोष असायचेच. तो चौकोनाच्या मधोमध नेम धरून धडाधड गोळ्या सोडायचा आणि एकही लागायची नाही. मग सीडी खराब, माऊस खराब, मॉनिटर खराब. नाचता येईना अंगण वाकडं!

मी मागे स्टुलावर बसून बघत होते.

"दादा, टिकलीवर मार."

"टिकलीवर काय मार? तिथं काही हाय का?"

"आत्ता नाही. पण तुझी गोळी पोचेस्तोवर ते यान तिथं आलेलं असेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? स्टँडवर रुमाल कसा टाकतोस तू?"

एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरायची, ही आमच्याकडची विद्या. गाडी चालती असते. खिडकीवर नेम धरून रुमाल टाकला तर तो मागच्या खिडकीच्या गजाला लागून खाली पडतो. खिडकीच्या पुढे टाकायचा, म्हणजे खिडकी आपणहून रुमालाखाली येते. माझा रुमाल कधी चुकत नसे. दादाचा नेहमी चाकाखाली जायचा, म्हणून कॉलेजला जाताना त्याची जागासुद्धा मीच धरायची.

दादानं तोंड वाकडं केलं, पण टिकलीवर नेम धरला आणि बटण दाबलं. यान फुटलं. अख्ख्या पडद्यावर नारिंगी जाळ झाला. दादा खुर्चीवरून उडालाच.

"जमलं की मला!" तो ओरडला.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच आनंद झाला होता मला.

पुढच्या काही दुपारी मी बाकीचा पडदा वाचत गेले. वाचत गेले असंच म्हणते, कारण मला त्यात वाचनाचीच गोडी लागली होती. टिकली चौकोनापासून लांब गेली म्हणजे शत्रू लांब आहे किंवा जोरात पळतोय. टिकली गायब झाली म्हणजे गोळी तिथवर पोचणारच नाही, उगाच वाया घालवू नका. खालच्या कोपऱ्यात शत्रूच्या यानाचं चित्र यायचं आणि त्याच्या चारी बाजूंनी चार कमानी. त्या कमानी म्हणजे त्याचं कवच. जी कमान फिकी पडली त्या बाजूनं घुसायचं. नेम पक्का बसला की कानात येणारी टिकटिक थांबून एकच सूर लागायचा. हे सगळं मी दादाला सांगायची आणि तो "हां, हां, माहितेय" म्हणायचा.

मग दोन मशीनवर दोघं मिळून खेळायला लागलो. माझं काम कवच सोलायचं. टिकली धरून मी मारत राहायची, कमानी फिक्या व्हायच्या, विझायच्या, आणि मी ओरडायची, "सोललंय!" की दादानं येऊन शेवटची गोळी मारायची. खेळात ज्याची शेवटची गोळी त्याच्या नावावर यान लागायचं. आधी कुणी किती सोललं याची दाद ना फिर्याद.

"शेवटची गोळी मोठ्याची," असं दादा पहिल्यांदा गमतीत म्हणाला होता. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरात दुधावरची साय मोठ्याची, गाडीतली खिडकी मोठ्याची, आंब्याची बाठ तेवढी धाकटीची. माझी बोटं आपोआप थांबायची. कमान विझली की मी बटणावरून बोट उचलायची आणि दादाची वाट बघायची. इतकी सवय झाली होती की समोर यान आयतं उघडं पडलेलं असलं तरी मारायचं माझ्या मनातही येत नसे.

त्या हिवाळ्यात पुण्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या महोत्सवात याच खेळाची स्पर्धा लागली. दोघादोघांचे संघ. आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, की जिंकणाऱ्या संघात जो जास्त यानं पाडेल त्याला एक नवी कंपनी थेट नोकरीवर घेणार. काम काय, तर बाजारात यायच्या आधी खेळ खेळून बघायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या. राहायची सोय कंपनीची.

मला ती नोकरी हवी होती. इतकं काही हवं असल्याचं मला त्याआधी आठवत नाही. इस्लामपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं खताचं दुकान होतं, माणसं चांगली होती, आणि परीक्षा झाली की पोरगी बघायला या, असा निरोप आईनं धाडूनही दिला होता. मला त्या मुलाचा राग नव्हता. पण पडदा वाचण्याचे कुणी पैसे देतं, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पोरांना एकटं कसं पाठवायचं म्हणून अण्णाही सोबत निघाले. एसटीत ते पुढच्या सीटवर बसले आणि सातारा यायच्या आत घोरायला लागले.

"दादा, एक बोलू?"

"बोल की."

"मला ती नोकरी पाहिजे."

दादा खिडकीतून बाहेर बघत होता. तो हसला. "मग घे की. मला कुठं जमतंय ते? पडदा तर तूच बघतेस सगळा."

"पण यानं तुझ्या नावावर लागतात."

"हां, तेही खरं." त्यानं विचार केल्यासारखं केलं. "असं करू. आधीच्या फेऱ्या नेहमीसारख्या खेळू, उगाच गोंधळ नको. फायनलचे आकडे वेगळे मोजणारेत आणि नोकरी त्याच्यावरच. फायनलला सगळ्या शेवटच्या गोळ्या तुझ्या."

"नक्की?"

"शलू, मी काय परका हाय का?"

मी अण्णांच्या डोक्यावरून पुढचा रस्ता बघत बसले. पुण्यात खोली कशी असेल, डबा कुठून लावायचा, इथपर्यंत माझं सगळं ठरून गेलं.

पहिल्या फेऱ्या आम्ही सहज काढल्या. पुण्याची पोरं स्वतःचे माऊस पिशवीतून घेऊन आली होती, इंग्रजीत एकमेकांवर खेकसत होती आणि चौकोनावर नेम धरत होती. सगळीच नाही, पण बरीच. फायनलला समोर आलेले दोघे मात्र तयारीचे होते. वेळ संपेपर्यंत खेळायचं, पडलेलं यान पुन्हा उडतं, शेवटी ज्यांनी जास्त पाडली ते जिंकले, असा नियम होता. मागे मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. अण्णा पहिल्या रांगेत गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते.

मी पहिल्याच शत्रूच्या मागे लागले. टिकली आधी लांब, मग जवळ, मग जवळजवळ चिकटून. डावी कमान फिकी होती. मी वळसा घालून डावीकडनं शिरले. कमान विझली. कानात सूर लागला.

"सोललंय! हा माझा!"

मी बटण दाबायच्या आत यान फुटलं. पडद्याच्या डोक्यावर दादाचं नाव आलं.

"दादा!"

"चुकून गं. सवय."

मला पटलं. सवय मलाही होती. मी दुसऱ्याच्या मागे गेले. यावेळी मी आधीच सांगितलं, "दादा, लांब राहा." कमानी उतरल्या, सूर लागला, आणि माझ्या उजवीकडून दादाच्या गोळ्या आल्या. तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दादाचे डोळे माझ्या पडद्यावर होते. तो स्वतःचा पडदा बघतच नव्हता. माझ्या कोपऱ्यातली कमान कधी विझते तेवढं तो बघत होता, आणि ती विझली रे विझली की मारत होता.

"तू कबूल केलंयस," मी म्हणाले.

"पुढं बघ, शलू. हरू आपण."

मी सोलायचं थांबवू शकले असते. पण थांबले असते तर संघ हरला असता, आणि मग नोकरी ना त्याला ना मला. त्यानं ते बरोबर ओळखलं होतं. मी खेळत राहिले. मधे एकदा दादाचं यान पडलं, ते परत उडेपर्यंतच्या वेळात मी एक यान सोललं आणि मीच मारलं. पडद्यावर माझं नाव आलं आणि मी ते दोनदा वाचलं. तेवढं एकच.

आम्ही जिंकलो. फळ्यावर आकडे लिहिले गेले: रणजित चौदा, शलाका एक. लोकांनी दादाला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

कंपनीचे कर्णिक म्हणून एक गृहस्थ होते. गोरे, बारीक, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यांनी आम्हा तिघांना एका रिकाम्या वर्गात नेलं आणि बाकावर बसवलं. सामन्याचा एक तुकडा त्यांनी मशीनवर लावून मधेच थांबवला आणि हिरव्या गोलावर पेन्सिल ठेवली.

"रणजित, हे काय आहे?"

"टिकली," दादा म्हणाला. कर्णिक हसले. "म्हणजे, तिथं मारायचं असतं, सर."

"का?"

दादानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी छताकडे पाहिलं.

"गोळीला पोचायला वेळ लागतो," मी म्हणाले. "तेवढ्या वेळात यान जिथं असेल ती जागा आहे ती."

कर्णिकांची पेन्सिल माझ्याकडे वळली. "आणि कधीकधी हे दिसत नाही. का? खेळात चूक आहे?"

"चूक नाही. लांब असलं की दिसत नाही. गोळी पोचणार नाही असं सांगतंय ते." मग मला थांबवेना. कमानी सांगितल्या, सूर सांगितला. शत्रू अचानक वळला तर टिकली क्षणभर खोटं बोलते आणि त्या क्षणी मारायचं नाही, हेही सांगितलं. ते मला त्याच दिवशी, खेळता खेळता कळलं होतं. शेवटी रुमालाची गोष्टही सांगून टाकली. कर्णिकांनी खुर्ची पुढे ओढली होती.

"हे सगळं शोधून कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

मी दादाकडे पाहिलं. फायनलचं जे झालं ते झालं, पण हे तरी तो सांगेल असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

"मीच शिकवलंय तिला, सर," दादा म्हणाला. "दुपारी दुकानात बसवून. ती पाठांतराला हुशार आहे, बोलतेही चांगलं. मला तसं बोलता येत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं नव्हतं ते. त्यानं ते शांतपणे, माझं कौतुक करत सांगितलं.

"खोटं आहे," मी म्हणाले.

"शलाका!" अण्णांचा आवाज चढला.

"खोटं आहे, अण्णा. मीच सोलते सगळी यानं. शेवटची गोळी फक्त मी त्याला देते."

"देतेस?" कर्णिकांना कळेना. "जिंकायच्या खेळात कुणी आपली गोळी दुसऱ्याला का देईल?"

"तो मोठा आहे म्हणून."

ते खरं होतं. त्याहून खरं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. पण ते वाक्य त्या वर्गात पडलं आणि कर्णिक खो खो हसले. दादा हसला. अण्णाही ओशाळून हसले. हसणं ओसरल्यावर कर्णिक म्हणाले, "बहीणभावांची भांडणं आमच्याही घरात आहेत." मग त्यांनी दादाकडे वळून हात पुढे केला. "चौदा पाडलीस, आणि दुसऱ्याला इतकं स्वच्छ शिकवता येतं. मला असाच माणूस हवाय."

"साहेब," अण्णा हात जोडून म्हणाले, "पोरीचं नाहीतरी लग्नाचं बघतोयच आम्ही."

परतीच्या गाडीत दादानं मला खिडकी दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "रागावलीस?" त्यानं विचारलं. "तुला कोण पाठवणार होतं पुण्याला? अण्णांनी पाठवलं असतं? मग ती नोकरी वायाच गेली असती ना? घरातल्या घरात राहिली, हे बरं की." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हेच मला सहन होत नव्हतं. अण्णांनी मला पाठवलं नसतं. पण मला नाही म्हणायचं काम अण्णांचं होतं. ते त्याचं नव्हतं.

पुढे मी इस्लामपूरला गेले. आमचं बरं चाललंय. दादा त्या कंपनीतून दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला, त्याच्या हाताखाली बरीच मुलं असतात. नव्या मुलांना शिकवताना तो चालत्या एसटीत रुमाल टाकायचं उदाहरण देतो आणि मुलांना ते फार आवडतं, असं वहिनी मला कौतुकानं सांगतात. आयत्या बिळावर नागोबा, असं ओठावर येतं. मी "हो का?" म्हणते आणि चहा ठेवते.

पण मला आठवते ती तो पुण्याला निघाला ती सकाळ. आईनं देवापुढे दिवा लावला होता. शेजारच्या काकू, खालचे बिऱ्हाडकरू, सगळे जमले होते. दादानं नवा शर्ट घातला होता. आईनं त्याच्या हातावर दही ठेवलं. तो देवाच्या, मग अण्णांच्या, मग आईच्या पाया पडला. मी त्याची पिशवी घेऊन दाराशी उभी होते.

"शलू, दादाच्या पाया पड," आई म्हणाली.

"आज काय आहे?"

"काय आहे म्हणजे? मोठा आहे, नोकरीला निघालाय. आणि हे सांगत होते, तुला एवढं सगळं त्यानंच शिकवलं म्हणून. त्या पुण्याच्या साहेबांपुढे काय घडाघडा बोललीस म्हणे! गुरू झाला की गं तो तुझा."

काकू हसून म्हणाल्या, "नशीब लागतं असा भाऊ मिळायला."

मी दादाकडे पाहिलं. तो तळहातावरचं दही चाटत होता. "राहू दे गं आई," एवढे शब्द त्याच्याकडून हवे होते. दुसरं काही कबूल करायची गरज नव्हती. खरं काय ते त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. ते शब्द त्यानं उच्चारले असते तर बाकीचं सगळं मी गिळलं असतं. मी थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी पिशवी खाली ठेवली आणि वाकले.

आपल्या पाया पडायला कुणी वाकलं, की माणूस नकळत पाऊल मागे घेतो. "असू दे, असू दे" म्हणतो. दादासुद्धा इतकी वर्षं तेच करायचा. दर भाऊबीजेला मी वाकले की तो उडी मारून पाटावरून पळायचा आणि आई त्याला रागवायची.

त्या दिवशी त्यानं दोन्ही पावलं जुळवली आणि मला नीट पाया पडू दिलं.

"यशस्वी हो," तो म्हणाला.